मैदानाची किल्ली

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचं व्याख्यान नेहमीच्या साडेसहाऐवजी आठ वाजता सुरू झालं, ते माझ्यामुळे. व्याख्यानमालेचे कार्यकर्ते निमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा मी एवढी एकच अट घातली होती. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसात ही वेळ मुलांची असते. नेमक्या त्या वेळी त्यांच्या आईवडिलांना इथे खुर्च्यांवर बसवायचं आणि मुलांच्या खेळाबद्दल बोलायचं, हे मला पटेना. कार्यकर्त्यांनी ते लगेच मानलं, त्याबद्दल त्यांचे आभार. आज संध्याकाळी मैदानावर चाळीसेक पोरं होती. त्यातली काही हातपाय धुऊन, जेवून इथे मागच्या रांगेत येऊन बसली आहेत आणि आत्ताच पेंगायला लागली आहेत. त्यांना उठवू नका. मैदानावरून आलेल्या पोराला आठ वाजता झोप येते, यावर मी वेगळं काय सांगणार?

उन्हाळ्यातल्या व्याख्यानांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. शरीराची काळजी वाहणारी माणसंही त्यांच्या मागोमाग उभी राहिली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं, पुढच्याच वर्षी दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं. १९३६ साली अमरावतीची मुलं थेट बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. ही मोठी कामं आहेत आणि ती मोठ्या शहरांत झाली.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी कुठली संस्था काढली नाही. ते शाळेत खेळाचे शिक्षक होते. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की ते मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे आणि मैदानाच्या फाटकाची किल्ली मागून घ्यायचे. ती किल्ली जूनमध्ये शाळा भरेपर्यंत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. त्यासाठी त्यांना वेगळा पगार नव्हता, मानधन नव्हतं. चाळीस मुलांना पुरतील एवढे दोन माठ, फक्कीचं एक पोतं, एक शिट्टी आणि दोन लाकडी खांब, एवढ्यावर त्यांनी या गावातल्या तीन पिढ्यांना पळायला लावलं. मी त्यातल्या मधल्या पिढीची.

सकाळी साडेपाचला आम्ही पोचायचो तेव्हा सरांनी मैदानावर बादलीने पाणी शिंपडलेलं असायचं. ओल्या मातीवर फक्कीची रेघ पांढरी उठून दिसायची. पहिलं काम खडे वेचण्याचं. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून खडे वेचत जायचं. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की हे पाय सोलू नयेत म्हणून आहे. स्वतः शिक्षक झाल्यावर कळलं, चाळीस मुलांना वीस मिनिटं कमरेतून वाकवण्याची ती सरांची युक्ती होती. त्यानंतर लंगडी, मग खो-खो. साडेसातला ऊन भिंतीवरून खाली उतरलं की शिट्टी व्हायची. त्यानंतर एक मिनिटही कुणी मैदानात थांबायचं नाही. जिंकायला एक गडी उरलेला असला तरी नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. मुलाला मैदान सगळ्यात जास्त लागतं ते सुट्टीत, आणि नेमकं सुट्टीतच आपण मैदानाला कुलूप लावतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेला मैदान असलं पाहिजे असं लिहून ठेवलं. ते मैदान एप्रिलच्या अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर जूनच्या अखेरपर्यंत, ओस पडलेलं असतं. सार्वजनिक पैशाने घेतलेली, कुंपण घातलेली, सपाट केलेली जागा तिथे असते आणि मुलं रस्त्यावर मोटारसायकलींच्या मधून चेंडू शोधत फिरतात. मी निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका शाळेकडे किल्ली मागायला गेले होते. ‘बाई, मुलाचा पाय मोडला तर जबाबदार कोण?’ असं मला विचारण्यात आलं. प्रश्न खोटा नाही, त्याचं उत्तर मी पुढे देणारच आहे. पण जे पोर दोन महिने हललंच नाही, त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

शाळा चालू असते तेव्हा मूल निदान चालत जातं, जिने चढतं, मधल्या सुट्टीत पळतं, तासाला उठून उभं राहतं. त्याच्या खाण्याला आणि झोपेला वेळ बांधलेली असते. सुट्टी लागली की हे सगळं एकदम सुटतं. अमेरिकेत २०१० साली बालवाडीत गेलेल्या काही हजार मुलांची वजनं आणि उंच्या दुसरीपर्यंत तपासत गेले. त्या काळात लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलं, आणि ही सगळी वाढ मधल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत झाली. शाळेच्या महिन्यांत ती झालीच नाही. ती मुलं अमेरिकेतली होती हे मला मान्य आहे. पण मे महिन्यात दुपारी आपल्या घरातल्या दिवाणावर पालथं पडून मोबाइल बघणारं मूल डोळ्यांसमोर आणा आणि फरक किती आहे, ते तुम्हीच ठरवा.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ. ३-४ वर्षांच्या पोरांना तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. हे ऐकून पालक घाबरतात आणि शिबिराची फी विचारतात. तेवढं घाबरायला नको. ६० मिनिटं सलग लागत नाहीत. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास चालतो. हाडांसाठी लागतं ते उडी मारणं, जमिनीवर आपटणं, एका पायावर भार घेणं. लंगडीत हे सगळं आहे. आयुष्यात जेवढं हाड कमवायचं त्यातलं जवळजवळ ९० टक्के मुली अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलं विसाव्यापर्यंत कमावून बसतात. पुढे पन्नाशीत गुडघे आणि कंबर धरून आपण ज्या डॉक्टरकडे जातो, तिथला हिशोब दहाव्या वर्षी सुरू झालेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा आला, दहा वर्षांचा. हुशार, पाढे तोंडपाठ. लंगडीला उभा केला तर तीन उड्यांत दुसरा पाय टेकला. परत उभा केला, परत तीन. उजवा गुडघा आतल्या बाजूला लचकत होता आणि दोन्ही हात हवेत काहीतरी धरायला शोधत होते. बाकीची पोरं हसली नाहीत, ही त्यांची समज. मी त्याला फाटकाच्या गजाला धरून उड्या मारायला सांगितलं. चार दिवस तो नुसता गज धरून उड्या मारत होता. पाचव्या दिवशी एका हाताने. आठव्या दिवशी गज सुटला आणि तो पडला. दोन्ही तळवे खरचटले. तो आधी तळव्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा मातीवर पडला आहे. तळवे धुतले, हळद लावली. तिसऱ्या आठवड्यात त्याने लंगडी घालत एक गडी मारला. त्या दिवशी त्याची आई मला म्हणाली, ‘बाई, हा आता घरी जिना धरून उतरत नाही.’ जिना धरून उतरणारं दहा वर्षांचं पोर ही काय चीज आहे, ते तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

डोळ्यांचंही सांगायला हवं, कारण चष्म्याची दुकानं आपल्या बाजारपेठेत डोळ्यांदेखत वाढली आहेत. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांसाठी काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी पाहिलं तर लांबचं न दिसण्याचा दोष त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना जडला होता आणि नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. त्या मुलांनी डोळ्यांचा वेगळा व्यायाम केला नव्हता. ती नुसती उजेडात होती. सकाळी सहाचा आणि संध्याकाळी सहाचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता ऊन. इथे मला सगळ्यात जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण खेळाचं प्रेम असलेली माणसं इथेच चुकतात. ‘आम्ही नाही का दुपारी खेळलो’ हे वाक्य मी सभ्य, शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकते. खेळलो असू. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे हवा कातडीपेक्षा गरम झाली की तिची उष्णता मुलाच्या अंगात भराभर शिरते. त्याला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि खेळाच्या नादात तहान त्याला उशिरा कळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोकणात आणि मुंबईत मात्र लोक ३४-३५ अंश ऐकून निर्धास्त राहतात. तिथे हवेतच इतका ओलावा असतो की घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. आकडा कमी दिसला म्हणून धोका कमी झाला असं नसतं.

म्हणून वेळ पाळायची. सकाळी साडेसातला खेळ बंद, संध्याकाळी साडेपाचच्या आत सुरू नाही. आणखी एक गोष्ट सर पाळायचे, तिचं शास्त्र मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी ते आम्हाला वीसच मिनिटं खेळवायचे. दर दिवशी थोडं वाढवत दहाव्या-बाराव्या दिवशी पूर्ण वेळ. शरीराला उन्हाळा सवयीचा व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. वर्षभर वर्गात बसलेल्या मुलाला शिबिराच्या पहिल्याच दिवशी दोन तास पळवणारा प्रशिक्षक कितीही पदकं मिळवलेला असो, त्याच्या हाती आपलं मूल देऊ नका.

पाणी तहान लागायच्या आधी. दर वीस मिनिटांनी शिट्टी, सगळे माठापाशी. घरून ताक, पन्हं, कोकम सरबत आलं तर उत्तम, त्यात चिमूटभर मीठ असू द्या. बाटलीतली रंगीत पेयं नकोत. मुलाला एक खूण शिकवून ठेवा: लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. डोकं दुखलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले तर खेळ थांबवून सावलीत. आणि मूल बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर त्या क्षणी अंगावर पाणी ओतायचं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवायची, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आजी खिशात कांदा देते ती मायेने देते, मूल तो घेऊन आलं तर येऊ द्या. पण त्या कांद्याच्या भरवशावर त्याला बाराच्या उन्हात सोडू नका.

पाण्याचा विषय निघाला आहे तर पोहण्याचंही बोलते, आणि हे बोलताना माझा आवाज जड होतो. आमच्या लहानपणी कमरेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून विहिरीत टाकायचे. दोराचं दुसरं टोक काकांच्या हातात. आठ दिवसांत पोर सुटं पोहायचं. आता विहिरीही आटल्या आणि दोर धरणारे काकाही शहरात गेले. त्यांच्या जागी शेततळी आली. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ती गावोगाव झाली. शेतकऱ्याला त्यांचा आधार आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पाणी मुरू नये म्हणून त्यांना प्लॅस्टिकचं अस्तर घालतात. ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारं मूलसुद्धा आत गेलं तर वर येऊ शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेलं दुसरं मूलही अडकतं. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात दोन-दोन, तीन-तीन भावंडांची बातमी येते, ती अशी. जगात ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे तिसऱ्या क्रमांकाचं कारण आहे. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना हात जोडून सांगते: भोवती कुंपण घाला, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून काठावरच्या खुंटाला पक्का बांधा. जुनी टायर दोराला बांधून पाण्यात तरंगती ठेवा. दोराला आणि टायरला फार पैसे पडत नाहीत. आणि पोरांना पोहायला शिकवा, माणूस शेजारी उभा ठेवून शिकवा.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण लागतं. सुट्टी लागली की मुलग्याला सुट्टी असते आणि मुलीला धाकटं भावंड सांभाळायचं असतं. ज्या गावांत टँकर येतो तिथे ती हंडा घेऊन रांगेत असते. कुणीतरी मला म्हणालं, ‘मग काय, व्यायाम होतोच की तिचा!’ नाही. डोक्यावर हंडा घेऊन चालणं म्हणजे खेळ नव्हे. ऊसतोडीहून आईबापांबरोबर परतलेल्या पोराने मोळ्या वाहिल्या, त्यालाही खेळ म्हणायचं नाही. घाम दोन्हीत येतो. पण खेळताना मूल स्वतः ठरवतं, हुलकावणी देतं, हरतं, भांडतं आणि पुन्हा डाव मांडतं. कामात ते कुणाचं तरी ऐकत असतं. या उन्हाळ्यात मैदानावर चार मुली कडेवर भावंड घेऊन येतात. आम्ही आंब्याखाली सतरंजी टाकली आहे. एक आजी तिथे बसून चौघा तान्ह्यांना सांभाळते आणि त्या चौघी खो-खो खेळतात. त्यातली एक पाठलागाला उठली की खांबापर्यंतचं अंतर कधी संपतं ते दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. मी ते सामने या मुलींना मोबाइलवर दाखवले. मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला तरी अजून सापडलेला नाही.

शहरातले माझे विद्यार्थी फोनवर म्हणतात, बाई, आमच्याकडे मैदानच नाही. तिथे सोसायटीची गच्ची आहे, वाहनतळाचा कोपरा आहे, जिना आहे. संध्याकाळी उन्हं कलल्यावर गच्चीवर दोरीच्या उड्या, लगोरी, डबा ऐसपैस खेळता येतं. विटी-दांडू गच्चीवर नको, तो डोळ्याला घातक. त्याला मोकळं रान लागतं आणि वकट, लेंड, मूंड म्हणत मोजणारी जाणती पोरं लागतात. आईवडिलांनी मात्र खेळात उतरावं. नुसतं ‘जा, खेळ’ म्हटलेलं मूल पाच मिनिटांत परत येतं. महागड्या शिबिरांना माझा विरोध नाही. पण दहा दिवसांचं शिबिर संपल्यावर उरलेले चाळीस दिवस ते मूल काय करतं, हे मला कुणी सांगत नाही.

आता किल्लीबद्दल. पाय मोडला तर जबाबदार कोण, याचं उत्तर आपल्या गावातल्या पाच पालकांनी गेल्या वर्षी दिलं. त्यांनी शाळेला लेखी दिलं की सकाळ-संध्याकाळ दोन मोठी माणसं फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत मैदानावर हजर राहतील. मुलांची हजेरी वहीत घेतली जाईल. प्रथमोपचाराची पेटी असेल, आणि जवळच्या डॉक्टरांचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला असेल. प्रत्येक मुलाच्या घरून सही आणली जाईल. शाळेच्या समितीने ते वाचलं आणि किल्ली दिली. संबंध सुट्टीत दोन पोरांचे गुडघे फुटले आणि एकाचं मनगट मुरगळलं. तिघंही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हजर.

यंदा त्या पाचांपैकी दोघांची बदली झाली आहे. मी सत्तरीकडे आले, रोज दोन्ही वेळा उभं राहणं मला झेपत नाही. आठवड्याच्या चौदा वेळांपैकी पाच वेळांना माणूस नाही, आणि माणूस नसेल तेव्हा फाटक उघडायचं नाही हा आपणच दिलेला शब्द आहे. खेळ यायलाच हवा असं नाही. घड्याळ बघता यावं, माठ भरता यावा आणि मुलांवरून नजर हटू नये, एवढं पुरे. बाहेर दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. त्यात उरलेल्या पाच वेळा लिहिल्या आहेत. घरी जाताना आपलं नाव आणि जमणारा वार लिहून जा.